जपानमधला सुगियामा किल्ला: दगड नाही, इमारत नाही, मग बघायचं काय आणि बांधला कोणी?

माणदेशी_वाटा (दहिवडी, सातारा)

नमस्कार मंडळी.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कामानिमित्त टोकियोत आहे, त्यात एक अख्खा दिवस मोकळा मिळतोय. हिमेजी, मात्सुमोतो असे मोठे किल्ले या वेळी नकोत. सायतामा प्रांतातल्या रान्झान गावाजवळचा सुगियामा हा छोटा किल्ला मनात आहे. जपानी किल्ला प्रतिष्ठानने २०१७ मध्ये जी पुढच्या शंभर किल्ल्यांची यादी जाहीर केली, तीत हा ११९व्या क्रमांकावर आहे. पण फोटोंत नुसते गवताळ उंचवटे, चर आणि झाडं दिसतात. तट नाही, बुरूज नाही, जोतीसुद्धा नाहीत.

तर विचारायचं ते असं. तिथे काय शिल्लक आहे आणि ते कोणत्या क्रमाने बघावं? किल्ला होजो या सरदार घराण्याने बांधला असं काही ठिकाणी लिहिलंय, काही ठिकाणी उएसुगी घराण्याने, मग खरं काय? जायचं कसं, काळजी कसली घ्यायची? आणि तिथे शिकलेलं आपल्या माण-खटावच्या गढ्या बघताना कामाला येईल का?

---

चंदनवंदन (भुईंज, सातारा)

निवड उत्तम आहे. फक्त आपली तट, बुरूज, दरवाजा शोधायची सवय तिथे कामाची नाही. तिथे बघायची ती कापलेली आणि रचलेली माती.

जपानमध्ये मध्ययुगीन किल्ल्यांच्या जागा तीस हजारांच्या वर धरतात आणि त्यातल्या बहुतेक सुगियामासारख्याच मातीच्या आहेत. उंच दगडी चौथरा आणि त्यावर मजल्यावर मजले, हे आपल्या डोळ्यांसमोरचं चित्र ओदा नोबुनागा या सरदाराने १५७६ मध्ये आझुची किल्ला बांधायला घेतला त्यानंतर रूढ झालं. पुढे १६१५ मध्ये तोकुगावा सरकारने एका प्रांतात एकच किल्ला ठेवायचा हुकूम काढला आणि १८७३ मध्ये मेइजी सरकारने उरलेले बहुतेक मोडीत काढले. जुना मजली बालेकिल्ला शाबूत असलेले किल्ले आज देशभरात फक्त १२ आहेत. सुगियामा या सगळ्याच्या आधीचा. त्याला मोडायला कुणी आलंच नाही, नंतर कुणी वर नवं बांधलंही नाही, म्हणून त्याची आखणी जवळजवळ जशीच्या तशी राहिली. तिथले अभ्यासक त्याला मातीच्या किल्ल्यांचं पाठ्यपुस्तक म्हणतात ते याचमुळे.

टेकडी लहान आहे. समुद्रसपाटीपासून शंभर मीटरच्या आत, पायथ्यापासून चाळीसेक मीटर. चंदन किंवा वंदन गड चढणाऱ्याला ही चढण म्हणवणार नाही. विस्तार सुमारे ८ हेक्टर आणि त्यात दहाएक सपाट्या. सपाटीला ते कुरुवा म्हणतात. मधोमध मुख्य सपाटी, होनकुरुवा. तिच्यापासून उत्तरेला, पूर्वेला आणि दक्षिणेला अशा तीन दिशांना पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेल्या बाकीच्या.

बांधकामाची रीत नीट समजून घ्या, मग पुढचं आपोआप दिसायला लागतं. आपल्याकडे बेसॉल्टचा कडा आयता मिळतो, त्याच्या माथ्यावर तट चढवला की काम झालं. टोकियोभोवतीच्या कान्तो मैदानात कातळ वर आलेला नाही. तिथे ज्वालामुखीच्या राखेची लालसर माती आहे, ती फावड्याने साफ कापली जाते आणि कापल्यावर बऱ्यापैकी उभी राहते. मग टेकडीचा उतार छाटून कडाच तयार करतात, त्याला किरिगिशी म्हणतात. पायथ्याशी चर खणतात तो होरी, इथे सगळे कोरडे. निघालेली माती वरच्या कडेवर रचतात तो दोरुई. खोदाई एकच, पण अडथळा दोन्हीकडून वाढतो. समजा तीन मीटर खणलं आणि ती माती काठावर दोन मीटर रचली, तर चरात उतरलेल्या माणसाला पाच मीटर चढावं लागतं. तेही भुसभुशीत मातीवरून, वरून बाण आणि दगड येत असताना.

आता क्रम. दक्षिणेकडच्या ओते म्हणजे मुख्य वाटेनेच चढा. मागच्या बाजूने शिरलात तर अर्धी गंमत जाते. प्रत्येक प्रवेशाशी थांबा. प्रवेशाला कोगुची म्हणतात. तिथे उभं राहून तीन गोष्टी तपासा. वाट कोणत्या बाजूला वळवली आहे? वळताना तुमची कोणती कूस उघडी पडते? त्या कुशीच्या समोर बांधाचा कोणता कोपरा पुढे आलाय? सुगियामात जवळजवळ दर प्रवेशाशी तिसऱ्याचं उत्तर सापडतं. सपाट्यांच्या कडा सरळ नाहीत, मुद्दाम काटकोनात मोडलेल्या आहेत, म्हणजे पुढे आलेल्या तुकड्यावरचा माणूस चरात किंवा वाटेवर असलेल्याला बाजूने टिपू शकतो. याला योकोया म्हणतात. आपला गोमुखी दरवाजा हेच काम दोन बुरुजांच्या आधाराने करतो. तिथे बुरूज नाही, बांधाला दिलेलं वळण आहे.

एक जागा अगदी बारकाईने बघा. चरावरून पलीकडच्या सपाटीत जाणारा मातीचा पूल. तो मुद्दाम न खणता सोडलेला पट्टा असतो, रुंदी एका वेळी एक-दोन माणसं जातील इतपतच. पुलावर मधोमध उभे राहा आणि समोर नाही, बाजूला बघा. पलीकडच्या सपाटीची कड कुठेतरी पुढे सरकून नेमकी पुलाला समांतर आलेली दिसेल. दोन मिनिटं तिथून हलू नका. तो पूल कशासाठी सोडला आणि ती कड कशासाठी पुढे काढली, हे एकदा डोळ्यांत बसलं की बाकी किल्ला स्वतःच वाचता येतो.

दक्षिण बाजूला उमादाशी आहे, प्रवेशापुढची छोटी वेगळी सपाटी. हल्ला करणाऱ्याला आधी ती घ्यावी लागते आणि घेतली तरी ती मागच्या मोठ्या सपाटीच्या पूर्ण माऱ्यात असते. उलट आतल्यांना बाहेर पडून हल्ला करायचा असेल तर तिच्या आडोशाने जमता येतं. विहिरीची सपाटीही चुकवू नका. होनकुरुवाच्या जवळ आहे, विहिरीच्या जागी मोठा दगड दिसतो. टाक्यांची रांग शोधत बसू नका, अशा किल्ल्यांवर कातळात टाकी नसतात.

होनकुरुवात पोचल्यावर मोकळी जागा बघून हिरमुसू नका. त्या काळी अशा ठिकाणी खांब बहुधा थेट जमिनीत पुरत, खाली दगड न घालता. लाकूड कुजलं की वर काही राहत नाही, उत्खननात फक्त खांबांचे खड्डे सापडतात. म्हणून जोती नाहीत.

---

कृष्णाघाट (मिरज, सांगली)

जाण्याचं मी सांगतो.

इकेबुकुरो स्थानकावरून तोबू तोजो मार्गाची गाडी, उतरायचं मुसाशी-रान्झानला. तासाभराहून थोडं जास्त लागतं. गाडी ओगावामाचीला जाणारी घ्या. बऱ्याच गाड्या शिनरिन-कोएनलाच संपतात, तशी मिळाली तर तिथे उतरून पुढची पकडा, मध्ये फक्त त्सुकिनोवा हे एक स्थानक. सुइका किंवा पास्मो हे प्रवासाचं कार्ड चालतं.

स्थानकापासून किल्ला वायव्येला, साधारण तीन किलोमीटर, चालत ४० ते ४५ मिनिटं. वाट शेती आणि घरांमधून जाते. किल्ल्याच्या पायथ्याला मंदिर आणि शाळा आहे, तिथे मोठ्याने बोलत जाऊ नका. वर खायला-प्यायला काही मिळत नाही, पाणी आणि डबा स्थानकाजवळच्या दुकानातून घेऊनच निघा.

रान्झानमध्येच सुगाया याकाता नावाची दुसरी जागा आहे, स्थानकापासून दक्षिणेला १५ मिनिटांवर. तिच्या आवारात प्रांताचं इतिहास संग्रहालय आहे, या भागातल्या किल्ल्यांची माहिती तिथे मिळते. सोमवारी बंद असतं आणि वर्षअखेरीच्या सुट्टीतही बंद असतं. तुमचा आठवडा नेमका तोच आहे, तेव्हा २८ तारखेच्या आतला दिवस धरा आणि निघण्याआधी वेळापत्रक बघा.

डिसेंबरअखेरीस सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो आणि झाडीत त्याआधीच अंधारतं. सकाळी नऊपर्यंत किल्ल्यावर असाल असं बघा.

---

निवडुंग (आटपाडी, सांगली)

सकाळी लवकर जायचं आणखी एक कारण आहे, ते जमिनीचं. कान्तोतली ही माती पाणी धरून ठेवते. हिवाळ्यात रात्री तापमान शून्याखाली गेलं की मातीतलं पाणी वर येऊन बर्फाच्या बारीक उभ्या सुया होतात आणि वरचा थर उचलला जातो. पहाटे त्यावर पाय ठेवला की कुरकुर वाजतं, पण खालची जमीन घट्ट असते. दहा-अकराला ऊन लागलं की त्याचा गारा होतो आणि बांधाचा उतार साबणासारखा निसरडा. घसरून पडणं तर आहेच, पण दरवेळी कडेची माती सुटते आणि पाचशे वर्षांची धार एकेका बुटाने झिजते. तेव्हा दोरुईवर चढायचं नाही, आखलेल्या वाटेनेच फिरायचं. काठी वापरत असाल तर टोकाला रबराची टोपी हवीच.

ऋतू मात्र तुम्हाला आयता चांगला मिळालाय. डिसेंबर ते मार्च हाच मातीचे किल्ले बघायचा काळ. पानं गळलेली, गवत बसलेलं, उतार उघडे. उन्हाळ्यात हीच जागा हिरव्या भिंतीआड जाते, वर मामुशी नावाचा विषारी साप, गोचीड आणि ऑगस्ट ते ऑक्टोबरात मोठ्या गांधीलमाश्या. डिसेंबरात यातलं काही आडवं येत नाही.

फोटोचं एक सांगतो. मातीचे किल्ले फोटोत सपाट दिसतात कारण लोक भर दुपारी काढतात. सूर्य खाली असताना काढा, चराच्या एका बाजूला सावली पडू द्या आणि चरात माणूस उभा करा. माणूस नसेल तर खोली कळतच नाही.

---

शिवथर_ते_शेंद्रे (सातारा)

बांधला कोणी, यावर थोडं सविस्तर लिहितो. या किल्ल्याचा खरा वाद तोच आहे आणि आपल्याकडच्या अभ्यासालाही तो लागू पडतो.

बरीच वर्षं हा किल्ला होजोंचा मानला जाई. कारण आखणी. काटकोनात मोडलेल्या कडा, उमादाशी, प्रत्येक प्रवेशावर बाजूचा मारा हे सगळं ओदावाराच्या होजोंच्या किल्ल्यांत पुढे भरपूर दिसतं. होजोंनी १५२४ मध्ये एदोचा (आजच्या टोकियोचा) किल्ला घेतला, १५३७ मध्ये कावागोए घेतला आणि १५४६ च्या कावागोएच्या लढाईत उएसुगींचा कणाच मोडला. मग सुगियामा या घडामोडींनंतरचा, सोळाव्या शतकाच्या मध्यावरचा, असा हिशेब मांडला गेला. आकारावरून काळ ठरवायचा तर हा हिशेब चुकीचा म्हणता येत नाही, इतकी ही आखणी पुढारलेली आहे.

२००२ पासून रान्झान नगराच्या शिक्षण मंडळाने तिथे उत्खनन सुरू केलं आणि चित्र उलटलं. वापराचा थर एकच निघाला, म्हणजे किल्ला थोड्याच काळासाठी वापरात होता. सापडलेली खापरं पंधराव्या शतकाच्या अखेरीची ते सोळाव्याच्या सुरुवातीची. त्यात सेतो आणि मिनो इथल्या भट्ट्यांची चकाकीदार भांडी आहेत आणि कावाराके नावाच्या बिनचकाकीच्या मातीच्या उथळ वाट्या आहेत. बऱ्याच तुकड्यांवर आगीची झळ आहे. होजो या भागात येण्याआधीचा हा काळ.

त्या काळात इथे काय चाललं होतं ते बघा. उएसुगी घराण्याच्या दोन शाखा, यामानोउची आणि ओगिगायात्सु, १४८७ ते १५०५ आपसात लढत होत्या. यामानोउचींचं ठाणं वायव्येला हाचिगाता, ओगिगायात्सुंचं आग्नेयेला कावागोए. रान्झानचा पट्टा बरोबर दोघांच्या मध्ये. कामाकुराकडे जाणारा जुना राजमार्ग याच पट्ट्यातून जातो आणि सुगियामाची टेकडी त्याच्यावर नजर ठेवून आहे. १४८८ मध्ये सुगायाच्या माळावर या दोन शाखांची मोठी लढाई झाली, ती जागा इथून हाकेच्या अंतरावर.

याला कागदाचाही आधार आहे. कोगा इथला सत्ताधीश आशिकागा ताकामोतो याने मोरो तोसानोकामी या सरदाराला लिहिलेल्या पत्राची नक्कल उपलब्ध आहे. सुगियामाच्या छावणीपासून तू नोरिफुसाच्या बाजूने राहून धावपळ केलीस, अशा आशयाची शाबासकी त्यात आहे. नोरिफुसा म्हणजे यामानोउची शाखेचा उएसुगी नोरिफुसा, तो १५२५ मध्ये वारला. तेव्हा पत्र त्याच्या आधीच्या घडामोडींचं आणि खापरांच्या काळाशी ते जुळतं.

तरीही आखणीवरून काळ ठरवणारे गप्प बसलेले नाहीत. त्यांचं म्हणणं, इतकी सफाई इतक्या लवकर आली कुठून? किल्ल्याचा फार थोडा भाग खणलाय, होजोंनी नंतर बांध नव्याने रचले असतील आणि थोडक्या दिवसांत मागे काही पडलं नसेल. जपानी अभ्यासकांत हा वाद सुगियामा प्रश्न या नावानेच ओळखला जातो. माझं मत खापरांच्या बाजूचं आहे. जिथे खणलं तिथे नंतरच्या काळाचा ठसा नाही आणि पत्र वेगळ्या वाटेने त्याच दशकांकडे बोट दाखवतं.

आपल्याकडे हीच अडचण रोज येते. अजिंक्यतारा, वैराटगड, चंदन-वंदन, कल्याणगड हे परंपरेने शिलाहार भोज दुसरा याचे, पण आज वर जे उभं आहे ते किती शतकांचं मिश्रण आहे हे त्या एका नावावरून कळत नाही. उलट गोमुखी दरवाजा दिसला की लगेच शिवकालीन अशी पाटी लागते. प्रतापगडाला १६५६ नंतरच्या बांधकामाचा आधार आहे, तिथे प्रश्न नाही. जिथे तसा आधार नाही तिथे नुसत्या वळणावरून शतक ठरवू नये.

---

माणदेशी_वाटा (दहिवडी, सातारा)

सगळ्यांचे मनापासून आभार. शिवथरदादा, एक शंका. भांडी तर वर्षानुवर्षं वापरात राहतात. १५०० ची भांडी १५५० च्या शिबंदीने वापरली नसतील कशावरून? आणि दुसरं, बाजूच्या माऱ्याची आखणी बंदुकांसाठी केली असं कुठेतरी वाचलं, मग ती १५०० च्या आसपास कशी?

---

शिवथर_ते_शेंद्रे (सातारा)

पहिली शंका अगदी योग्य आहे. सेतो-मिनोच्या चकाकीदार भांड्याबद्दल ती लागूही पडते, चांगलं भांडं पिढ्या टिकतं. म्हणूनच कावाराकेला महत्त्व आहे. ती वाटी मद्यपानाच्या मेजवानीत वापरायची आणि टाकून द्यायची अशी रीत होती. ठिसूळ, स्वस्त, थोड्या वापराची. ती कुणी पन्नास वर्षं जपत नाही. शिवाय तिची घडण घराण्यागणिक आणि दशकागणिक बदलते. सुगियामाच्या वाट्या यामानोउची उएसुगींच्या परिसरातल्या घडणीशी जुळतात. म्हणजे एकाच तुकड्यातून काळही कळतो आणि कुणाच्या मेजवानीत होता तेही. मेजवानी झाली म्हणजे मानाची माणसं इथे मुक्कामाला होती, हा नुसता चौकीचा किल्ला नव्हता, असंही त्यातून निघतं.

बंदुकांचं म्हणाल तर जपानमध्ये त्या १५४३ मध्ये तानेगाशिमा बेटावर आल्या. किल्ला त्याआधीचा मानला तर ही आखणी धनुष्यासाठीच केलेली. बाजूचा मारा बंदुकीशिवाय निरर्थक नसतो. तीस-चाळीस मीटरवरून बाणाने माणूस टिपता येतो आणि सुगियामातले प्रवेश व त्यांच्या बाजूच्या कडा यांत अंतर फार नाही. तिथे गेल्यावर पावलांनी मोजून बघाच.

---

गढी_गावठाण (विटा, सांगली)

तुमच्या चौथ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. येईल कामाला, पण नुसतं बघून नाही, कागदावर काढून. जपानमध्ये हौशी अभ्यासकसुद्धा किल्ल्याचा आराखडा स्वतः चालून काढतात, त्याला नावाबारी-झू म्हणतात. पद्धत सोपी आहे आणि आपल्या गढ्यांना तशीच लागू पडते.

सामान: आलेखाचा कागद, पाटी, होकायंत्र, तीस मीटरची फीत, फोनमधलं कोन मोजायचं ॲप. प्रमाण १:१०००, म्हणजे कागदावर एक सेंटिमीटर म्हणजे जागेवर दहा मीटर. आधी सपाट रस्त्यावर पन्नास मीटर मोजून स्वतःची पावलं ठरवून घ्या. नंतर झाडीत फीत अडकते तिथे पावलांवर काम होतं. मात्र चढावर पाऊल आखडतं, तिथे पावलांवर विसंबू नका.

आधी सपाटीची वरची कड ठळक रेघेने. मग उताराचा पाय बारीक रेघेने. दोन्हींच्या मध्ये वरून खाली आखूड रेघोट्या, उतार जितका उभा तितक्या दाट. रेघोटी नेहमी वरच्या कडेपासून सुरू करायची. उलटी काढली की चर कुठला आणि बांध कुठला हे नंतर स्वतःलाही कळत नाही. सगळ्यात जास्त आराखडे इथेच बिघडतात.

चराची उंची काढायला दोरी सोडायची गरज नाही. उतारावर कडेपासून पायापर्यंत तिरकं अंतर मोजा आणि कोन घ्या. तिरकं सहा मीटर आणि कोन ४५ अंश असेल तर उभी उंची सव्वाचार मीटरच्या आसपास. मोजलेली खोली आजची असते, मूळची नव्हे. कडेची माती शेकडो वर्षं घसरून तळ भरून येतो, कित्येक ठिकाणी मीटरभराहून जास्त. तळ आज गोलसर दिसला तरी मूळचा इंग्रजी व्हीसारखा टोकदार होता की पेटीसारखा सपाट, हे खणल्याशिवाय सांगता येत नाही.

अजून एक फसगत म्हणजे नंतरच्या वाटा. शेताला किंवा लाकूड काढायला पुढे कुणी बांध फोडलेला असतो आणि तो प्रवेशासारखा दिसतो. खऱ्या प्रवेशाशी तीन गोष्टी बहुधा एकत्र असतात: आत-बाहेरची पातळी जुळते, वाट वळते आणि बाजूला मारा करणारी कड असते. फोडलेली वाट सरळ घुसते आणि तिच्यावर कुणाचीच नजर नसते.

जाण्याआधी जपान सरकारच्या भूमापन संस्थेचा चिरिइन चिझू हा नकाशा उघडा. मोफत आहे. त्यात उठाव सावलीने दाखवणारा थर आहे, तो लावला की झाडी नाहीशी होऊन चर आणि सपाट्या उघड्या पडतात. छापून घेऊन जा आणि त्याच्यावरच खुणा करा.

आता आपल्याकडचं. माण, खटाव, खानापूर, आटपाडीतल्या कितीतरी गढ्यांना दगडाची फक्त खालची बांधणी असते, वरची भिंत पांढऱ्या मातीची. ती माती लोक धाब्याच्या छपराला आणि शेतात टाकायला नेतात, आणि प्रत्येक टोपल्याबरोबर भिंतीचा काळ सांगणारी खापरं जातात. गढीभोवती खंदक होता का हे विचारायला गेलं तर दगड दिसत नाही म्हणून नव्हता असं सांगतात. तिथे सुगियामाची नजर वापरा. गढीभोवतीच्या रस्त्याची पातळी बघा, पावसाळ्यात पाणी कुठे साठतं ते बघा, एखादं घर बाकीच्यांपेक्षा खाली का आहे ते विचारा. बुजवलेला खंदक बहुतेक वेळा असाच सापडतो.

खापर दिसलं तर उचलू नका, ना तिथे ना इथे. जागेवर ठेवून, शेजारी नाणं किंवा पट्टी ठेवून फोटो काढा. जपानमध्ये जमिनीतल्या वारशाला कायद्याचं संरक्षण आहे आणि सुगियामा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. सुगाया याकाताला १९७३ मध्ये तो दर्जा मिळाला. २००८ मध्ये सुगियामा, मात्सुयामा आणि ओगुरा त्याला जोडून हिकी भागातल्या किल्ल्यांचा एकच गट केला.

---

माणदेशी_वाटा (दहिवडी, सातारा)

नकाशा उघडून पाहिला. सावलीचा थर लावल्यावर तिन्ही दिशांचे फाटे स्पष्ट दिसले, फोटोंत हे काहीच कळत नव्हतं. शेवटचं एक विचारतो. गटातले बाकीचे तीन त्याच दिवशी होतील का? आणि संग्रहालय आधी की किल्ला आधी?

---

चंदनवंदन (भुईंज, सातारा)

संग्रहालय आधी बघितलं तर समज चांगली येते हे खरं, पण डिसेंबरात मी किल्ला आधी म्हणेन. निवडुंगभाऊंनी सांगितलेली गोठलेली जमीन आणि सकाळचं तिरपं ऊन हे दोन्ही अकरानंतर हातचं जातं. नकाशा तुम्ही पाहिलाच आहे, तेवढी तयारी पुरे. सुगियामाला अडीच-तीन तास द्या. आराखडा काढणार असाल तर अख्खा किल्ला धरू नका, दक्षिणेची बाजू आणि होनकुरुवा इतकंच घ्या.

दुपारी सुगाया याकाता आणि संग्रहालय. ती जागा कामाकुरा काळातल्या हाताकेयामा शिगेतादाच्या वाड्याची म्हणून सांगतात, तो १२०५ मध्ये मारला गेला. पण आज दिसणारे मोठे चर आणि बांध त्याच्या कितीतरी नंतरचे, पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या सततच्या लढायांच्या काळातले आहेत. सकाळी टेकडीवरचा किल्ला बघून दुपारी नदीकाठच्या सपाट जागेवरचा बघितला की फरक लगेच जाणवतो. सुगियामात उताराने अर्धं काम केलंय, इथे सगळं काम चरांनी केलंय, म्हणून ते जास्त रुंद आहेत. सांगलीचा गणेशदुर्ग किंवा मिरजेचा भुईकोट ज्यांनी बघितलाय त्यांना हे सांगायला नको.

मात्सुयामा योशिमी गावात आहे, हिगाशी-मात्सुयामा स्थानकावरून जावं लागतं, त्याला वेगळा अर्धा दिवस हवा. ओगुरा तोकिगावाच्या डोंगरात, गाडी नसेल तर या वेळी सोडा. फक्त एक लक्षात ठेवा, ओगुराला तिथल्याच चपट्या हिरवट स्तरित खडकाचे तुकडे एकावर एक रचून केलेली दगडी बांधणी आहे. चारांपैकी दगड बघायचा असेल तर पुढच्या खेपेला तिथे जा. बाकी तिघांत मातीच बघायची आहे.